स्तनाच्या कर्करोगाचे निदान : मॅमोग्राफीला रेणवीय चित्रणाची जोड

मॅमोग्राफीच्या अहवालावर "संशयास्पद काही आढळले नाही" असे लिहिलेले असते, तेव्हा तो कागद हाती घेणारी स्त्री सुटकेचा निःश्वास टाकते. बहुतेक स्त्रियांच्या बाबतीत हा निःश्वास सार्थच असतो. परंतु काही स्त्रियांच्या शरीरात त्या क्षणीही गाठ असते; फक्त ती चित्रात उमटलेली नसते. पुढे सहा महिन्यांनी, वर्षभराने ती हाताला लागते आणि मग "गेल्या वर्षीच तर तपासणी झाली होती" असा प्रश्न त्या घरात विचारला जातो. या प्रश्नाला वैद्यकशास्त्राने कोणते उत्तर शोधले आहे आणि ते उत्तर कितपत पुरेसे आहे, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

विषयाचे गांभीर्य ध्यानात येण्यासाठी एकच आकडा पुरे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ साली भारतात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना स्तनाचा कर्करोग नव्याने झाला आणि सुमारे ९८ हजार स्त्रिया त्याने मृत्युमुखी पडल्या. भारतीय स्त्रियांत आज सर्वाधिक आढळणारा कर्करोग तो हाच. गाठ लहान असताना, काखेतील लसिका ग्रंथींपर्यंत पोहोचण्यापूर्वी ती सापडली तर रोगी बरा होण्याचा संभव फार मोठा असतो, हेही तितकेच निर्विवाद आहे. म्हणून लवकर निदान हाच या रोगाशी चाललेल्या लढ्याचा गाभा मानला जातो.

क्ष-किरणांनी स्तनाची परीक्षा करण्याची कल्पना जुनी आहे. रंटगेन यांनी १८९५ साली क्ष-किरणांचा शोध लावला. त्यानंतर १९१३ मध्ये बर्लिनचे शल्यविशारद आल्बर्ट सालोमन यांनी शस्त्रक्रियेने काढलेल्या सुमारे तीन हजार स्तनांची क्ष-किरण छायाचित्रे घेऊन कर्करोगाच्या खुणा अभ्यासल्या. उरुग्वेचे राउल लेबोर्न यांनी स्तन दाबून सपाट केल्यास चित्र स्पष्ट येते हे १९४९ च्या सुमारास दाखविले. मॅमोग्राफी करून घेणाऱ्या स्त्रिया ज्या दाबाची तक्रार करतात, त्याचा उगम येथे आहे. अमेरिकेतील रॉबर्ट इगन यांनी १९६० च्या सुमारास हे तंत्र कोणत्याही रुग्णालयात वापरता येईल इतके पक्के केले. १९६३ साली न्यूयॉर्कमध्ये सुमारे ६२ हजार स्त्रियांची दोन गटांत विभागणी करून पहिली मोठी चाचणी सुरू झाली. नियमित तपासणीमुळे मृत्यू कमी होतात असा पहिला सबळ पुरावा तिच्यातून मिळाला. स्तनाच्या कर्करोगाच्या प्रतिमातपासणीत मॅमोग्राफीइतका दीर्घ अनुभव आणि मृत्युसंख्येचा पुरावा दुसऱ्या कोणत्याही साधनापाशी नाही. पुढील विवेचन ऐकताना ही गोष्ट विसरता कामा नये.

मग अडचण कोठे आहे? अडचण स्तनाच्या घडणीत आहे. स्तन मेदाचा, दुग्धग्रंथींचा आणि त्यांना आधार देणाऱ्या तंतूंचा बनलेला असतो. क्ष-किरण मेदातून सहज पार जातात, म्हणून चित्रात मेद काळसर दिसतो. ग्रंथी व तंतू पांढरे दिसतात. कर्करोगाची गाठही पांढरीच दिसते. ज्या स्तनात मेद अधिक, त्यात पांढरी गाठ काळ्या फळ्यावरील खडूच्या ठिपक्यासारखी उठून दिसते. ज्या स्तनात ग्रंथी व तंतू अधिक, अशा स्तनाला डॉक्टर घन स्तन म्हणतात. त्यात तीच गाठ शोधणे म्हणजे कापसाच्या ढिगात कापसाचाच बोळा शोधण्यासारखे होय. अमेरिकेत २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत, जवळजवळ संपूर्ण मेदमय स्तनांतील शंभर कर्करोगांपैकी सुमारे ८७ मॅमोग्राफीने पकडले, तर अत्यंत घन स्तनांतील शंभरांपैकी सुमारे ६३ च. त्यानंतर आलेल्या संगणकीय आणि त्रिमिती मॅमोग्राफीने यात सुधारणा केली आहे. पण पांढऱ्यावर पांढरे ही मूळ अडचण संपलेली नाही.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. स्तन हाताला मऊ लागतो की कठीण, आकाराने मोठा आहे की लहान, यावरून त्याची घनता कळत नाही. ती चित्रातच कळते. घनता हा आजारही नव्हे. अमेरिकेत चाळिशीपुढील सुमारे निम्म्या स्त्रियांचे स्तन घन वर्गात मोडतात. तरुण वयात घनता अधिक असते आणि ऋतुनिवृत्तीनंतर ती बहुधा कमी होते. भारतात हा रोग पाश्चात्त्य देशांपेक्षा सरासरीने सुमारे दहा वर्षे लवकरच्या वयात आढळतो. त्यामुळे घनतेचा प्रश्न परदेशातील चर्चेपुरता मर्यादित राहत नाही, तो येथल्याही स्त्रियांचा प्रश्न ठरतो. अत्यंत घन स्तन असलेल्या स्त्रीला कर्करोग होण्याचा धोकाही काहीसा अधिक असतो. म्हणजे जिथे रोगाचा संभव जास्त, तिथेच चित्र धूसर, असा हा दुहेरी पेच आहे.

क्ष-किरण आकार दाखवतात, सावली दाखवतात. पेशी काय करीत आहे, ते दाखवू शकत नाहीत. कर्करोगाच्या पेशीचे वैशिष्ट्य मात्र तिच्या रंगरूपापेक्षा तिच्या वागण्यात आहे. ती झपाट्याने वाढते, अधिक ऊर्जा खर्च करते, आपल्याभोवती नव्या रक्तवाहिन्या उभ्या करते. तिच्या या हालचालीचाच माग घेणारे एखादे द्रव्य शरीरात सोडले आणि ते कोठे जमते हे बाहेरून पाहिले, तर सभोवतालची ऊती पांढरी आहे की काळी याला महत्त्व उरत नाही. रेणूंच्या पातळीवरील घडामोडींचे असे चित्र घेण्याच्या पद्धतीला रेणवीय चित्रण म्हणतात.

यासाठी वापरले जाणारे मुख्य द्रव्य आहे टेक्निशियम ९९एम. टेक्निशियम हे मूलद्रव्य १९३७ साली इटलीतील पालेर्मो येथे एमिलिओ सेग्रे आणि कार्लो पेरिए यांनी ओळखले. मानवाने कृत्रिम रीतीने मिळविलेले हे पहिले मूलद्रव्य, म्हणून 'कृत्रिम' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याला नाव मिळाले. पुढच्याच वर्षी सेग्रे आणि ग्लेन सीबोर्ग यांनी त्याचा ९९एम हा प्रकार शोधला. त्याचे अर्धायुष्य सहा तासांचे आहे. म्हणजे सकाळी टोचलेल्या द्रव्याची किरणोत्सर्गिता दुपारपर्यंत निम्मी आणि दुसऱ्या सकाळपर्यंत सोळाव्या हिश्शाइतकी होते. इतक्या अल्पायुषी वस्तूचा साठा करणे अशक्यच. त्यावर उपाय म्हणून मॉलिब्डेनम ९९ भरलेले एक छोटे जनित्र रुग्णालयात आणून ठेवतात. मॉलिब्डेनमचे अर्धायुष्य सुमारे ६६ तास असते आणि त्यातून टेक्निशियम सतत निर्माण होत राहते. मिठाच्या पाण्याने ते रोज धुऊन काढून घ्यावयाचे. या क्षेत्रातील इंग्रजी बोलणारे कर्मचारी या जनित्राला गमतीने गाय म्हणतात आणि टेक्निशियम काढण्याला धार काढणे. आठवडाभर ही गाय दूध देते, मग आटते.

नुसते टेक्निशियम कर्करोगाकडे जात नाही. त्याला सेस्टामिबी नावाच्या संयुगाशी जोडावे लागते. हे संयुग धन विद्युत्भारित असून पेशींतील तंतुकणिकांकडे, म्हणजे पेशीच्या ऊर्जाकेंद्रांकडे ओढले जाते. ते तयार झाले होते हृदयासाठी. हृदयाच्या स्नायूला रक्त नीट पोहोचते की नाही हे पाहण्यास अमेरिकेत १९९० साली त्याला मान्यता मिळाली. हृदयाची चित्रे पाहताना काही स्त्रियांच्या स्तनातही ते द्रव्य साठलेले दिसले, आणि तपासल्यावर तिथे कर्करोग निघाला. शोधायला गेले एक आणि हाती लागले दुसरे, असे विज्ञानात पुष्कळदा घडते. फरक इतकाच की, येथे त्या कोपऱ्यातल्या ठिपक्याकडे कोणी दुर्लक्ष केले नाही. १९९७ मध्ये स्तनाच्या परीक्षेसाठीही या द्रव्याला तेथे मान्यता मिळाली.

परंतु त्या काळचे गॅमा कॅमेरे संपूर्ण शरीरासाठी बनविलेले, अवजड होते. ते स्तनाच्या अगदी जवळ आणता येत नसत. परिणामी एक सेंटिमीटरहून लहान गाठी बहुधा निसटत. आणि लहान गाठच तर शोधावयाची होती! त्यामुळे ही पद्धत काही वर्षे मागे पडली.

तिला नवे बळ दिले ते अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातील रॉचेस्टर येथील मेयो क्लिनिकने. तेथील वैद्य डेबोरा ऱ्होड्स आणि भौतिकशास्त्रज्ञ मायकेल ओ'कॉनर व त्यांचे सहकारी यांनी या शतकाच्या पहिल्या दशकात केवळ स्तनासाठी बेतलेला कॅमेरा हाती घेतला. त्यात कॅडमियम, झिंक आणि टेल्युरियम यांच्या संयुगाचे स्फटिक वापरलेले असतात. गॅमा किरण त्यांवर पडताच थेट विद्युत्संकेत उमटतो. असे दोन लहान शोधक स्तनाच्या वर आणि खाली ठेवले जातात, त्यामुळे गाठ कोठेही असली तरी ती एका शोधकापासून फार दूर राहत नाही. स्त्री खुर्चीवर बसते. दंडाच्या शिरेतून द्रव्य टोचल्यावर काही मिनिटांतच चित्रण सुरू होते. स्तन हलकाच धरून ठेवतात, मॅमोग्राफीइतका दाब द्यावा लागत नाही. प्रत्येक बाजूची दोन चित्रे, प्रत्येक चित्राला सुमारे दहा मिनिटे, म्हणजे एकूण पाऊण तासाच्या आतबाहेर काम आटोपते.

या पद्धतीची कसोटी कशी लागली? २०११ साली मेयो क्लिनिकच्या या गटाने ९३६ स्त्रियांच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. या सर्व स्त्रियांचे स्तन घन होते आणि इतर कारणांनीही त्यांना धोका अधिक होता. त्यांच्यापैकी ११ जणींना कर्करोग असल्याचे निष्पन्न झाले. मॅमोग्राफीने तिघींचा रोग दाखविला, गॅमा चित्रणाने नऊ जणींचा, दोन्ही मिळून दहा जणींचा. २०१५ साली दुसरी, मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. तिच्यात घन स्तन असलेल्या १,५८५ स्त्रिया होत्या व कर्करोग २१ जणींना होता. मॅमोग्राफीने पाच जणींचा ओळखला. रेणवीय चित्रणाची जोड दिल्यावर आणखी १४ जणींचा सापडला. दोघींचा रोग या दोन्ही चित्रांत दिसला नाही.

या आकड्यांचा अर्थ लावताना मात्र सावध राहिले पाहिजे. "मॅमोग्राफी चारांपैकी एकच कर्करोग पकडते" असा निष्कर्ष कोणी काढील तर तो चुकीचा ठरेल, कारण या चाचणीत मॅमोग्राफीला जिथे सर्वाधिक अवघड जाते अशाच स्त्रिया निवडलेल्या होत्या. दुसरे असे की, पहिल्या चाचणीत एका आणि दुसऱ्या चाचणीत दोन स्त्रियांचा रोग केवळ मॅमोग्राफीनेच दाखविला. कर्करोगाच्या अगदी प्रारंभीच्या काही अवस्थांत कॅल्शियमचे अतिसूक्ष्म कण जमतात; ते क्ष-किरणांत स्पष्ट दिसतात, गॅमा कॅमेऱ्याला दिसत नाहीत. छातीच्या भिंतीलगतची गाठही गॅमा कॅमेऱ्याच्या कक्षेबाहेर राहू शकते. 'जोड' हा शब्द शीर्षकात योजला आहे तो यामुळेच. एकाला काढून त्या जागी दुसऱ्याला बसवावे अशी ही दोन साधने नाहीत.

त्रिमिती मॅमोग्राफी आल्यावर या जोडीची गरज उरली काय, अशीही शंका रास्त होती. तिचे उत्तर २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या, पाच केंद्रांत २,९७८ स्त्रियांवर केलेल्या चाचणीने दिले. त्रिमिती मॅमोग्राफीतून निसटलेले कर्करोग रेणवीय चित्रणाने पहिल्या वर्षी दर हजार स्त्रियांमागे ६.७ आणि दुसऱ्या वर्षी ३.५ इतके अधिक शोधले. दुसऱ्या वर्षी आकडा खाली येणे साहजिक आहे. आधीपासून लपलेला साठा पहिल्याच फेरीत बाहेर पडतो.

आता या पद्धतीवरील आक्षेपांकडे वळले पाहिजे, आणि त्यांतील पहिला आक्षेप हलका नाही. मॅमोग्राफीचे किरण स्तनापुरते असतात. शिरेतून टोचलेले द्रव्य मात्र सर्व शरीरात फिरते व बाहेर पडताना आतड्यांनाही किरणोत्सर्ग देते. आरंभी सुमारे २० मिलिक्युरी मात्रा वापरली जात असे. अमेरिकन शास्त्रज्ञ एडवर्ड हेन्ड्रिक यांनी २०१० साली हिशेब मांडून दाखविला की, या प्रमाणातील मात्रेच्या एका चाचणीपासून चाळिशीतील स्त्रीला पुढे प्राणघातक कर्करोग होण्याचा संभाव्य धोका संगणकीय मॅमोग्राफीच्या २० ते ३० पट असू शकतो. मूळ धोका अत्यल्प असला तरी निरोगी स्त्रियांना वर्षानुवर्षे अशी चाचणी द्यावयाची म्हटल्यावर वीस पट हा शब्द दुर्लक्षिता येत नाही. या टीकेचा इष्ट परिणाम झाला. शोधक अधिक संवेदनशील करून मात्रा ८ मिलिक्युरीवर आणण्यात आली, आणि २०१५ ची चाचणी याच मात्रेवर झाली. या मात्रेत शरीराला सुमारे २ ते २.५ मिलिसीव्हर्ट किरणोत्सर्ग होतो. निसर्गतः जमिनीतून, हवेतून आणि अवकाशातून माणसाला वर्षाला मिळणाऱ्या किरणोत्सर्गाची जागतिक सरासरी २.४ मिलिसीव्हर्ट आहे. तरीही मॅमोग्राफीच्या तुलनेत ही मात्रा कित्येक पट अधिकच आहे, हे स्त्रीला सांगितले गेले पाहिजे.

दुसरा आक्षेप निष्कारण भीतीचा. सेस्टामिबी कर्करोगातच जमते असे नाही. साध्या, निरुपद्रवी गाठींतही ते जमते. मासिक पाळीच्या चक्राचाही परिणाम होतो, म्हणून पाळी चालू असलेल्या स्त्रियांची चाचणी चक्राच्या सातव्या ते चौदाव्या दिवसांत करणे पसंत केले जाते. २०१५ च्या चाचणीत पुढील तपासणीसाठी परत बोलवाव्या लागलेल्या स्त्रियांचे प्रमाण शेकडा ११ वरून १७.६ वर गेले आणि बायॉप्सी, म्हणजे ऊतीचा तुकडा काढून तपासणे, शेकडा १.३ वरून ४.२ वर. ज्या बाईला परत बोलावले जाते तिच्या त्या आठवड्यातील रात्री कोणत्याही कोष्टकात मोजल्या जात नाहीत.

तिसरी गोष्ट अधिक मूलभूत आहे. अधिक कर्करोग सापडणे आणि कमी स्त्रिया दगावणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रेणवीय चित्रणाच्या जोडीने मृत्यू कमी होतात हे दाखविणारी चाचणी अद्याप झालेली नाही. चुंबकीय अनुस्पंदन चित्रण, ज्याला सर्वत्र एमआरआय म्हणतात, ते याबाबतीत एक पाऊल पुढे आहे. नेदरलँड्समध्ये अत्यंत घन स्तन असलेल्या ४० हजारांवर स्त्रियांच्या चाचणीत, दोन तपासण्यांच्या मधल्या काळात उघडकीस येणाऱ्या कर्करोगांचे प्रमाण ज्या गटाला एमआरआय देऊ केले त्यात दर हजारी ५ वरून २.५ वर आल्याचे २०१९ साली दिसले. एमआरआयला किरणोत्सर्गाचा दोषही नाही. पण ते खर्चिक आहे, वेगळे औषध टोचावे लागते, बंदिस्त नळीत काहींचा जीव गुदमरतो, आणि हृदयात जुन्या प्रकारचा गतिकारक बसविलेल्या किंवा मूत्रपिंड निकामी झालेल्या स्त्रियांना ते देता येत नाही वा देणे टाळले जाते. अशा स्त्रियांसाठी रेणवीय चित्रण हा उपयुक्त पर्याय ठरतो. सरसकट सर्व स्त्रियांना ते द्यावे, असे म्हणण्याइतका पुरावा आज नाही.

महाराष्ट्राच्या दृष्टीने या साऱ्याचा विचार करताना दोन गोष्टी समोर येतात. अणुकेंद्रकीय वैद्यकाचा पाया या राज्यात फार पूर्वीच घातला गेला. परळ येथे टाटा स्मारक रुग्णालयाच्या आवारात अणुऊर्जा विभागाचे किरणोत्सर्ग वैद्यक केंद्र १९६३ मध्ये सुरू झाले, आणि टेक्निशियमची जनित्रे व सेस्टामिबीचे संच नवी मुंबईच्या वाशी येथील 'ब्रिट' ही सरकारी संस्था देशभर पुरविते. म्हणजे द्रव्याची उणीव नाही. उणीव आहे ती त्याआधीच्या पायरीची. बहुसंख्य ग्रामीण स्त्रियांनी मॅमोग्राफीचे यंत्रही पाहिलेले नाही, तेव्हा तिला जोड कशाची द्यावयाची, हा प्रश्न कोणीही विचारील.

या प्रश्नाचे एक उत्तर मुंबईतच मिळाले आहे. टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ स्त्रियांवर एक दीर्घ चाचणी केली. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी निम्म्या स्त्रियांच्या स्तनांची हातांनी परीक्षा केली. यंत्र कोणतेच नव्हते. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार या गटातील स्त्रियांचा रोग अधिक लवकरच्या टप्प्यावर सापडला, आणि पन्नाशी व त्यापुढील स्त्रियांत या रोगाने होणारे मृत्यू सुमारे शेकडा ३० नी घटले. सर्व वयांच्या स्त्रियांचा एकत्रित विचार करता घट शेकडा १५ भरली, तीही संख्याशास्त्राच्या कसोटीवर निर्णायक ठरली नाही. केंद्र शासनाच्या कार्यक्रमात ३० ते ६५ वर्षांच्या स्त्रियांची दर पाच वर्षांनी अशी हस्तपरीक्षा करण्याची तरतूद आहे. खेड्यातील स्त्रीने प्रथम मागावयाची ती हीच परीक्षा, आणि ती उपकेंद्रात मिळू शकते.

शहरांत ज्या भगिनी मॅमोग्राफी करून घेतात, त्यांच्यासाठी आणखी एक गोष्ट आहे. अमेरिकेत १० सप्टेंबर २०२४ पासून प्रत्येक स्त्रीला तिच्या स्तनांची घनता लेखी कळविणे मॅमोग्राफी केंद्रांवर बंधनकारक झाले आहे. भारतातही क्ष-किरणतज्ज्ञ आपल्या अहवालात घनतेचा वर्ग बहुधा ए, बी, सी किंवा डी या अक्षराने नोंदवितात; फक्त ते अक्षर स्त्रीला कोणी समजावून सांगत नाही. सी आणि डी म्हणजे घन. अहवालात ते अक्षर असल्यास आणि आई, बहीण किंवा मावशी यांना हा रोग झालेला असल्यास, पुढे सोनोग्राफी, एमआरआय की रेणवीय चित्रण, हे डॉक्टरांना विचारता येते. आणि हाताला गाठ लागत असेल, तर चित्र काहीही म्हणो, त्या गाठीची बायॉप्सी करावयाची की नाही हे शल्यचिकित्सकाकडून त्याच आठवड्यात ठरवून घ्यावे.